अडीच हजार कंपनांच्या पुढे

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्राला कारण गाडी आहे. कारण क्षुल्लक म्हणून तू पत्र बाजूला ठेवशील, तेव्हा आधीच सांगतो: तुझ्या निकालाशिवाय मी ती घेणार नाही. टर्बोची चाकं तोलून पाहणाऱ्या प्रयोगशाळेत जिने चौतीस वर्षं काढली, ती बहीण घरात असताना दलालाच्या शब्दावर जाण्याइतका मी वेडा नाही.

माझी व्हॅन गेल्या महिन्यात कायमची थांबली. रोजचे शंभर-सव्वाशे किलोमीटर, मधे एक घाट, मागे अवजारांची पेटी, तारांची वेटोळी आणि जाड लोकरी फेल्टचे गठ्ठे. अकरा वर्षं तिने तक्रार केली नाही आणि मग सगळ्या एकाच सकाळी केल्या. पियानो लावणाऱ्याला गाडीवाचून गत्यंतर नाही. पियानो काही माझ्याकडे चालत येत नाहीत.

पाहिली आहे ती सहा वर्षांची हॅचबॅक, पण साधी नव्हे. छोट्या अंगात दुप्पट ताकदीचं टर्बो इंजिन बसवलेली. तरुण मंडळी जिला हॉट हॅच म्हणतात ती. बाहेरून पाहावं तर भाजी आणायला निघालेली. मालकीणबाई भूलतज्ज्ञ आहेत.

"दिवसभर लोकांना झोपवते मी," त्या म्हणाल्या. "घरी जाताना स्वतःला जागं ठेवायला हिच्याइतकं औषध नाही."

"मग विकता का?"

"आता दवाखाना घराखालीच आलाय. जिना उतरायला दोनशे घोडे कशाला?"

घाटाच्या पहिल्या चढावर तिसऱ्या गियरमध्ये मी पाय दाबला. पाठीला कुणीतरी हात लावल्यासारखं झालं. ढकललं नाही, नुसता लावला. आणि चढ नाहीसा झाला. समोर रस्ता होता, झाडं होती, पण 'वर जाणं' नावाचा जो कष्ट असतो तो जगातून वजा झाला होता. मी एकतीस वर्षं आवाजांवर जगतो, म्हणून पुढचं तुला मोजून सांगतो. मिनिटाला तेहेतीसशे फेऱ्यांना हे इंजिन माझ्या नादकाट्याच्या बरोबर दोन सप्तकं खाली बोलतं. सेकंदाला एकशे दहा कंपनं. उभ्या गाडीत काटा कानाशी धरून मी ते ताडून पाहिलं. तसूभर फरक नाही. तेल, लोखंड आणि स्फोट यांच्यातून इतका निर्मळ खर्ज निघावा, याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

बायकोच्या मते मला सत्तावन्नाव्या वर्षी चळ लागला आहे. तू सांग, ही गाडी रोज चालवणं शहाणपणाचं आहे का?

तुझा,
धाकटा

११ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्या पत्रात विशेषणं भरपूर आणि मोजमाप एक. ते एक अचूक आहे, म्हणून उत्तर देते.

रोजच्या कामाला अशी गाडी म्हणजे शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपणं. सस्पेन्शन कडक असतं. खड्डा आला की टायरच्या आधी मणका ओरडेल आणि मणक्याच्या आधी तुझी अवजारं. टायर पातळ कडेचे, महाग आणि अल्पायुषी. तेल बदलायला एकदा उशीर झाला की टर्बो तो अपमान विसरत नाही. शिवाय अशी गाडी जुनी घेताना आपण गाडी घेत नाही, आधीच्या चालकाचा स्वभाव घेतो. माणसांची शुद्ध थेंबाथेंबाने मोजून घालवणारी बाई गाडी बेफाम हाकत नसावी, एवढं तिच्या बाजूने.

पुढच्या वेळी गाडी गार असताना जा. सुरू करताना निळा धूर येतो का ते पाहा. टायर आतल्या कडेला जास्त झिजलेत का, ते वाकून, हात घालून पाहा. कपडे मळतील, मळू देत. तेल कधी बदललं त्याचे कागद माग. "अहो, सगळं वेळेवर केलंय" हा कागद नव्हे.

आणि शिट्टी. तिचा तुझ्या पत्रात उल्लेखच नाही, आणि तुझ्याकडून मी पहिली अपेक्षा तिचीच केली होती. टर्बोमधलं, इंजिनात हवा कोंबणारं चाक जर्दाळूएवढं असतं आणि भरात आलं की मिनिटाला दोन लाख फेरे घेतं. लिहायला सोपं आहे. जरा डोळे मिटून विचार कर. तू 'ताई' हा शब्द उच्चारून संपवतोस, तोवर ते हजार वेळा फिरलेलं असतं. जाड काचेच्या अलीकडे उभी राहून मी ते चौतीस वर्षं पाहिलं आणि एकाही दिवशी मला त्याची सवय झाली नाही. फिरताना त्याची एक बारीक शिट्टी वाजते. चाक निरोगी असेल तर ती सुईसारखी एकसंध असते. बेअरिंग झिजलं असेल तर करवतीसारखी. खिडक्या खाली घे, चढावर तिसऱ्यात दाब आणि ती कशी आहे ते मला लिही. तुझ्यासारखा कान माझ्या प्रयोगशाळेत एकाकडेही नव्हता. यंत्रं होती म्हणून आमचं निभावलं.

तोवर सही करू नकोस.

ताई

२० फेब्रुवारी

प्रिय ताई,

सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. धूर नाही. टायर आतून-बाहेरून सारखे, कपडे मळले. कागदांची पूर्ण फाइल आहे, दवाखान्याच्या शिस्तीने लावलेली, रुग्णाचा इतिहास वाचतोय असं वाटलं. कडक सस्पेन्शनबद्दल तुझं म्हणणं खरं आहे, पण पेटीखाली फेल्टचे दोन थर घातले की अवजारं शांत राहतात. माझ्या मणक्याखालीही घालीन.

या खेपेला बायकोलाही मागे बसवलं होतं. पहिल्या वळणावर "अगं आई!" दुसऱ्यावर दांडा घट्ट धरून मौन. घाटमाथ्यावर मी थांबवली, तर म्हणते, "ते मघाचं वळण... परत घेता येईल का हो?" तेव्हा चळ संसर्गजन्य आहे.

आता शिट्टी. ताई, शिट्टी नाही. खिडक्या खाली होत्या, तिसरा गियर होता, पाय तळाला होता. इंजिनचा खर्ज, वाऱ्याचा घोष, टायरची घरघर, प्रत्येक आवाज मी वेगळा काढला. शिट्टी जरादेखील नाही. हे चाक इतकं सफाईने तोललेलं आहे की त्याला बोलावंच लागत नाही, असं समजायचं का? भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या, "थोडा आवाज येतो हं हिला, पण तो असतोच." मी म्हटलं, आवाजासाठीच तर आलोय.

पुढच्या महिन्यात संगीत विद्यालयाच्या सभागृहातला मोठा पियानो लावायचा आहे. बाहेरचे वादक येणार आहेत. त्याआधी गाडी हाती आली तर बरं. तिथल्या वादनाच्या बाई हल्ली म्हणत असतात की वरचे सूर टोचतात. तीनदा म्हणून झालं. वयाबरोबर काहींचे कान हळवे होतात, त्याला मी काय करणार?

निकाल लवकर कळव.

धाकटा

२७ फेब्रुवारी

धाकट्या,

शिट्टी नाही, असं तू लिहिलं आहेस. जरादेखील नाही, असंही.

असं होत नाही. हजारो चाकं माझ्या हाताखालून गेली. त्यांतली सर्वोत्तम चाकं दबक्या आवाजात शिट्टी घालत, पण मुकं एकही नव्हतं. म्हणजे दोनच शक्यता उरतात. टर्बो बंद पडलेला आहे. पण मग तुझा तो चढ नाहीसा झाला नसता. किंवा तू शिट्टी ऐकलीस, ती करवतीसारखी निघाली, आणि माझा नकार टाळण्यासाठी तू ती पुसून टाकलीस. गाडीवर जीव जडला की माणूस असं करतो, हे मला समजतं. समजतं म्हणजे चालतं असं नव्हे.

खोटी नोंद केली म्हणून मी दोन माणसांना कामावरून काढलं होतं. दोघेही स्वभावाने गोड होते.

निकाल: घेऊ नये. या विषयावर पुन्हा लिहू नकोस.

ताई

९ एप्रिल

ताई,

लिहू नकोस म्हणालीस, लिहितो आहे.

नोंद खोटी नव्हती. मला ती ऐकूच आली नव्हती.

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं, रागाच्या भरात, बायकोने माझी बाजू घ्यावी म्हणून. तिने विचारलं, "वन्सं चिडल्यात कशावरून एवढ्या?"

"नसलेल्या शिट्टीवरून."

"नसलेल्या?" तिच्या हातातला डाव तसाच राहिला. "अहो, घाटभर वाजत होती की. चढ आला की वर, उतार आला की खाली. मला वाटलं, तुम्ही मनातल्या मनात तिचा सूर लावताय, म्हणून मी बोलले नाही."

मी उठून घरातल्या पियानोपाशी गेलो आणि उजवीकडची शेवटची पट्टी दाबली. टक्. लाकडावर लाकूड. एवढंच. मी तिच्याकडे पाहिलं. "वाजला की," ती म्हणाली. अलीकडची पट्टी; टक्. त्याच्या अलीकडची; टक्. प्रत्येक वेळी ती नुसती मान हलवायची. वाजला. वाजला. शेवटून दहाव्या पट्टीला मला सूर मिळाला. त्यापुढच्या नऊ पट्ट्यांवर माझ्यासाठी फक्त सुतारकाम उरलेलं आहे.

दोन दिवसांनी कान तपासून घेतले. सेकंदाला अडीच हजार कंपनांपर्यंत आलेख शहाण्यासारखा आडवा चालतो आणि मग कड्यावरून खाली पडतो. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?" मी म्हटलं, "परवापासून." त्यांना तो विनोद वाटला. एकतीस वर्षं तार ठाम बसावी म्हणून पट्ट्या जोरात ठोकतोय. त्या ठोक्यांनीच हे केलं असावं, असं ते म्हणतात.

पण ताई, हादरवणारी गोष्ट बहिरेपणाची नाही. हादरवणारी गोष्ट ही, की मी ते नऊ सूर ऐकत होतो. निदान दोन वर्षं, रोज. कान टक् एवढंच आणून देत होता आणि बाकीचा सूर आतून कुणीतरी भरत होतं, इतका हुबेहूब, की मला उणीव कळली नाही. माझ्या डोक्यात माझ्या नकळत एक पियानो आहे आणि तो बिनतक्रार वाजत होता. मी त्याच्यापुढे थक्क होऊन उभा आहे; त्याच्यावर रागावताही येत नाही.

सभागृहाचा पियानो मी लावला नाही. ताप आलाय म्हणून कळवलं. हे मात्र खोटं होतं. तुझ्या वहीत मांडून ठेव. तेव्हापासून कुठेच गेलेलो नाही. लोकांना सांगायचं तरी काय? पाठीचं दुखणं सांगून हळूहळू सगळं आटोपतं घेईन. गाडीचा प्रश्नही मिटलाच. रोज कुठे जायचंच नसेल, तर रोजच्या गाडीची चर्चा कशाला?

धाकटा

१४ एप्रिल

धाकट्या,

मी चुकले. हे वाक्य तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिते आहे. त्याला पुस्ती जोडणार नाही.

दोनच शक्यता आहेत असं मी लिहिलं, तिसरी होती. मी यंत्रावर संशय घेतला, नोंदीवर घेतला, नोंद घेणाऱ्याच्या नियतीवर घेतला. कानावर घेतला नाही, कारण तो कान माझ्या भावाचा होता आणि मला त्याचा गर्व होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही चूक केली असती, तर मी त्याला उभं केलं असतं. काल दुपारभर मीच उभी होते.

मग हिशेब करून पाहिला. चाक मिनिटाला एक लाख साठ हजार ते दोन-सव्वादोन लाख फेऱ्यांमध्ये असताना जी शिट्टी वाजते, ती नेमकी तुझ्या हरवलेल्या नऊ पट्ट्यांच्या पल्ल्यात पडते. जगातल्या इतक्या आवाजांतून मी तुला तोच एक ऐकायला सांगितला.

आता मुद्दा. तू आटोपतं घेणार म्हणतोस. कशाच्या आधारावर? तुला ऐकू येत नाही, हे मोजलं गेलं आहे. तू लावलेले ते नऊ सूर किती चुकले, हे कुणीही मोजलेलं नाही. दुःख आहे, पण त्याला अजून आकडा नाही, आणि आकड्यावाचून मी कुणालाही निवृत्त होऊ देत नाही. सूर मोजणारं यंत्र घे. ज्यांना तू शेवटचा हात लावलास आणि नंतर दुसऱ्या कुणी छेडलं नाही, असे पाच पियानो निवड. नऊही सूर मोज. सुरुवात त्या हळव्या कानाच्या बाईंपासून कर आणि त्यांना खरं कारण सांगून कर. पाठ दुखते म्हणालास, तर मी स्वतः येऊन ती दुखवीन.

ताई

२ मे

प्रिय ताई,

मोजलं.

वादनाच्या बाईंकडे आधी गेलो. त्यांच्या खोलीतल्या पियानोपाशी उभं राहून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तीनदा सांगितलं होतं मी तुम्हाला."

"हो."

"तुम्ही म्हणालात, हवा दमट आहे."

"हो."

"मग तुम्ही म्हणालात, खोलीच वाईट आहे."

"हो, बाई."

"बसा आता. उभ्याने काय मोजणार? पडदे लावू का, आवाज कमी घुमेल?" आणि त्या यंत्र हातात धरून माझ्या शेजारी बसल्या.

लागोपाठच्या दोन सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर कसलेल्या कानालाही दोन भागांचा फरक क्वचितच कळतो. नवांपैकी पहिले सहा सूर दोन भागांच्या आत होते. शेवटचे तीन चढे होते. अकरा, बारा, अकरा. बाई म्हणाल्या, "टोचतात ते हेच." मला वाटलं, एका पियानोचा हा योगायोग असेल. दुसरा मोजला. पहिले सहा बिनचूक, शेवटचे तीन तेवढेच चढे. तिसरा, चौथा, पाचवा, पाच वेगवेगळ्या घरांतले, पाच वेगवेगळ्या वयांचे; प्रत्येक ठिकाणी तेच.

ताई, ते सहा सूर मला ऐकू येत नाहीत. ते हाताने लावले आहेत. खुंटी लाकडात किती तणाव घेते, चावीचा दांडा मुठीत कधी जड होतो आणि कधी सैल पडतो, हे हाताला ठाऊक होतं आणि कानाने काम सोडल्यावर हाताने ते गुपचूप उचललं. मला सांगितलंसुद्धा नाही. पाचव्या पियानोपाशी मी माझ्या उजव्या पंजाकडे परक्या माणसाकडे पाहावं तसा पाहत राहिलो.

बाईंचा निकाल तुझ्याइतकाच कोरडा होता: "शेवटचे तीन यंत्राने लावत जा. बाकीचे तुमचेच." मग मी प्रत्येक घरी हे सांगितलं. चार घरांनी दुसरा माणूस पाहिला. सभागृहाचा मोठा पियानोही गेला, आणि जायलाच हवा होता. तिथे बिनकानाच्या माणसाने जाऊ नये, मग हात कितीही शहाणा असो. त्याचं वाईट वाटतं. ते तुझ्यापासून लपवत नाही.

उरलेल्यांसाठी दिवसाला ऐंशी किलोमीटर होतात. म्हणजे गाडी लागणार. भूलतज्ज्ञ बाईंची अजून विकलेली नाही. गिऱ्हाइकं येतात, त्यांची हाकण्याची तऱ्हा पाहून बाई त्यांनाच नापास करतात. पण ज्याला शिट्टी ऐकू येत नाही, त्याने ती घ्यावी का? उद्या तिची करवत झाली तर मला कळणार कसं? तुझा निकाल मला पाठ आहे. फेरतपासणीला येशील का, एवढंच विचारतो.

धाकटा

२३ मे

धाकट्या,

सुखरूप घरी पोचले. निघताना काही बोलले नाही म्हणून तुझी बायको रुसली आहे, हे ठाऊक आहे. तोंडी निकाल मी देत नाही, असं तिला सांग.

टर्बो निरोगी आहे. शिट्टी एकसंध आहे. तिच्यात कुठेही खरखर नाही. मेस्त्रीने टर्बोची हवेची नळी काढली, तेव्हा तू बोटाने चाकाचा दांडा हलवलास आणि म्हणालास, "एवढाच हलतो, केसाएवढा." त्याच्या मोजणीनेही तेच सांगितलं, पण तुझ्यानंतर. तेव्हा दर सहा महिन्यांनी नळी काढून घ्यायची आणि तू स्वतः बोट लावायचं. करवत होण्याच्या कितीतरी आधी दांडा सैल होतो. ते तुझ्या बोटाला माझ्या कानाआधी कळेल. तेल ठरल्या वेळेच्या आधी बदल. पेटीखाली फेल्टचे दोन नव्हे, तीन थर घाल.

आता एक नोंद, जी कोणत्या रकान्यात बसते ते मला ठरवता आलेलं नाही.

ज्या चाकांवर माझं आयुष्य गेलं, त्यांतलं एकही बसवलेल्या गाडीत मी कधी बसले नव्हते. कंपनीच्या बसने जायचे, बसने यायचे. काचेच्या पलीकडे ते फिरायचं ते नुसतं फिरण्यासाठी. ते कुणाला कुठे घेऊन जातं, हे मी पाहिलेलं नव्हतं. परवा घाटात तू पाय दाबलास आणि ती शिट्टी सुरू झाली. माझ्या कानाला फेऱ्यांचा अंदाज अजून आहे. एक लाख साठ हजार. ऐंशी. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की तुझ्या त्या नऊ पट्ट्या आता एकेक करून वाजताहेत, खालून वर, आणि गाडीत त्या ऐकणारी मी एकटी आहे. त्यांच्यामागून सबंध डोंगर खाली जात होता. पाचव्या पट्टीपाशी, दोन लाखांच्या काठावर, तू गियर बदललास.

दुसऱ्या चढावर मी मुद्दाम कान लावून बसले. पाचवी पट्टी; गियर. मग मी मोजू लागले. सात चढ. सातही वेळा तिथेच. तुझी नजर रस्त्यावर होती. फेऱ्यांच्या काट्याकडे तू एकदाही पाहिलं नाहीस.

"कशावरून बदलतोस?" मी विचारलं.

"माहीत नाही गं. तिथं बदलावासा वाटतो."

त्यानंतर मी खिडकीबाहेर पाहत राहिले. तुला वाटलं, ताईला घाट लागतोय, आणि तू वेग कमी केलास. ती तुझी त्या दिवसातली एकमेव चूक.

गाडी घे. आणि पुन्हा कधी मी अशी गप्प झाले, तर पाय उचलू नकोस.

ताई